न मोजलेल्या वेळा

"पाहुणे आले की आपली लाइट जातेच!" काकू म्हणाल्या. गॅसवर चहाचं आधण, बाहेर पाहुणे अंधारात. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

सातवीतला भाचा मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता. म्हणाला, "आणि पाहुणे नसताना जाते, ती कोण मोजतं?"

काल संध्याकाळपासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

१९६० मध्ये पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना २-४-६ हे आकडे दिले आणि त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. स्वतःचे आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात का एवढंच कळणार. बरेच जण ८-१०-१२ सारखेच आकडे देत राहिले. उत्तर दर वेळी 'हो'. मग खात्रीने सांगायचे, दोन-दोनने वाढणारे आकडे! नियम एवढाच होता, की आकडे चढते हवेत. ३-७-२० विचारलं असतं तरी 'हो'च आलं असतं, आणि आपला अंदाज तिथेच कोसळला असता. पण मुद्दाम आपला अंदाज पाडणारा प्रश्न विचारायला मन धजत नाही. मला हे फार खरं वाटतं.

लाइटचं सोडा, त्यात कुणाचं नुकसान नाही. पण "सून आल्यापासून या घरात भांडणं वाढली" हेही आपण तसंच म्हणतो ना? ती यायच्या आधी किती व्हायची, हे कुणी आठवून बघतं का?