साठ एमबी मोकळे, तरी जागा नाही

२०१४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, पांढरकवड्याच्या पुढच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, सकाळी सातलाच फोन आला. मी त्या काळी यवतमाळात राहून आसपासच्या तालुक्यांतील जिनिंग, पतसंस्था आणि शाळांमधली सर्व्हर आणि नेटवर्कची कामे करीत असे. दिवाणजींची तक्रार दोन वाक्यांत संपली: काट्याची पावती निघत नाही, आणि निघालीच तर गाडी काट्यावरून उतरून गेल्यावर निघते. हंगाम भरात होता. मोटारसायकलने मी पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि कापसाने भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि मेटाडोर फाटकाबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत लागले होते.

तेथील व्यवस्था साधी होती. काट्याच्या केबिनमधील संगणक भरलेल्या गाडीचे वजन आणि कॅमेऱ्याने काढलेले गाडीचे छायाचित्र कार्यालयातील सर्व्हरकडे पाठवी, कापूस उतरवून परतलेल्या रिकाम्या गाडीचे वजन त्यातून वजा होई आणि पावती छापली जाई. सर्व्हर म्हणजे जुने ३२ बिटचे यंत्र, ४ जीबी मेमरी आणि २.६.१८ या आवृत्तीचा लिनक्स कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा. माझ्याआधी आलेल्या कारागिराने स्विच बदलला होता, उंदरांनी कुरतडली असावी या संशयाने केबल दोनदा नव्याने ओढली होती आणि शेवटी सर्व्हरवर आठ जीबीची स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा, वाढवून ठेवली होती. स्वॅप का वाढवली, हे मला तेव्हा कळले नाही.

केबिनमधून सर्व्हरला पिंग लावून, म्हणजे ‘आहेस का’ असे सतत विचारणारे छोटे संदेश (पॅकेट) पाठवून, मी नुसताच पाहत बसलो. वीस-पंचवीस उत्तरे एका मिलिसेकंदाच्या आत येत, मग एकामागून एक दोन-तीन गळत, आणि पुन्हा सर्व सुरळीत होई. खराब केबलवर अधूनमधून एखादे पॅकेट गळते. असा झुबक्याने तुटवडा सहसा पडत नाही. स्विचवर आणि सर्व्हरच्या नेटवर्क कार्डवर चुकीच्या फ्रेमची (तारेवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची) मोजणी शून्य होती. तेव्हा दोन्ही टोकांना एकाच वेळी टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन लावले. केबिनमधून निघालेले पॅकेट सर्व्हरच्या बाजूला दिसतच नव्हते. पोच न आल्यामुळे केबिनचा टीसीपी, म्हणजे पॅकेटे पोहोचल्याची खात्री करणारा भाग, तेच पॅकेट पुन्हा पाठवी आणि प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करी. टीसीपीने असेच वागायचे असते. पण त्यामुळे लागोपाठ चारदा वाट पाहिली गेली, तर अडचण सरल्यावरही पावतीवाल्याला काही सेकंद कोऱ्या पडद्याकडे पाहावे लागे. टीसीपीडंप ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नंतर बसून ऐकते, त्याअर्थी पॅकेट तारेवरून कार्डापर्यंत पोहोचून कर्नलच्या हाती लागण्याआधी हरवत होते.

मग कर्नलचा लॉग उघडला. त्यात एकच ओळ शेकडो वेळा होती: ‘स्वॅपर: पेज ॲलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ३’. आधीच्या कारागिराने स्वॅप का वाढवली, त्याचाही उलगडा येथेच झाला. ‘स्वॅपर’ या नावाने पुष्कळांना फसवले आहे. या नावाचा डिस्कवरील स्वॅपशी येथे काही संबंध नाही. सीपीयूला काही काम नसते तेव्हा त्यावर जी रिकामी प्रक्रिया चालू असते, तिचे हे जुने नाव आहे. पॅकेट आले, कार्डाने सीपीयूला टोकले आणि त्या क्षणी सीपीयूवर ही रिकामी प्रक्रिया होती म्हणून ओरड तिच्या नावावर पडली. खरे मागणे कोणाचे होते ते त्याच नोंदीत खाली दिलेल्या फंक्शनांच्या नावांवरून दिसत होते: नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचे.

या टप्प्यावर दिवाणजी दारात आले आणि म्हणाले, “सायेब, बंद करून चालू करा अन् मोकळे व्हा ना. तसं केलं का चार-पाच रोज चांगलं चालते.” बाहेरची रांग पाहता त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण यंत्र बंद केले असते तर मेमरीची ती अवस्था पुसली गेली असती आणि चार-पाच दिवसांनी मला पुन्हा तेथेच बसावे लागले असते. मी पंधरा मिनिटे मागितली आणि त्यांनी हाताने पावत्या लिहायला माणूस बसवला. रांगेतल्या एका शेतकऱ्याने खिडकीतून विचारले, “आजचा भाव उद्या राहीन का, सायेब?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

कर्नल मेमरी ४ केबीच्या पानांनी मोजतो. मोकळी पाने तो जोडीजोडीने, म्हणजे एक, दोन, चार, आठ अशा सलग गठ्ठ्यांत सांभाळतो आणि गठ्ठ्याच्या आकाराला ऑर्डर म्हणतो. ऑर्डर ३ म्हणजे सलग आठ पाने, ३२ केबी. बडीइन्फो या फाईलमध्ये प्रत्येक आकाराचे किती गठ्ठे मोकळे आहेत ते दिसते. नॉर्मल झोनच्या, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या वापरातल्या खालच्या मेमरीच्या, ओळीत सुटी पाने अकरा हजारांवर होती, जोड्या एकोणीसशेच्या आसपास, चारांचे गठ्ठे सदतीस, आणि तेथून उजवीकडे सगळी शून्ये. साठेक एमबी मोकळे होते आणि त्यात सलग ३२ केबी एकाही ठिकाणी नव्हते. हायमेम झोनमध्ये, म्हणजे वरच्या मेमरीत, एक जीबीहून अधिक मेमरी मोकळी पडली होती, पण ती या कामी निरुपयोगी होती, कारण ३२ बिटच्या यंत्रात कर्नल स्वतःसाठी फक्त खालचे ८९६ एमबी थेट वापरू शकतो. त्या ८९६ एमबीतच गाड्यांच्या हजारो छायाचित्रांच्या फाईलींच्या आयनोड आणि डेंट्रीच्या नोंदी (फाईलींची माहिती आणि नावे यांच्या नोंदी) विखरून बसल्या होत्या.

शेजारी उभ्या असलेल्या काट्याच्या ऑपरेटरला मी हे आकडे दाखवले. तो थोडा वेळ पाहून म्हणाला, “म्हणजे मायी पाच एकर हाये, पन पाच जागी. टॅक्टर कोठीच वळत नाही.” इतके नेमके मला स्वतःला सांगता आले नसते.

आता प्रश्न उरला तो ड्रायव्हरला ३२ केबी लागतातच कशाला याचा. साधी इथरनेट फ्रेम दीड हजार बाइटांची असते; तिला एक पान पुरते. कार्डाची सेटिंग पाहिली तर एमटीयू, म्हणजे एका फ्रेममध्ये मावणाऱ्या बाइटांची कमाल मर्यादा, ९००० होता. रात्री कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या पेटीकडे ते वेगाने जावे म्हणून कोणीतरी तो वाढवला होता. ९००० बाइटांची फ्रेम ८ केबीत मावत नाही म्हणून हा ड्रायव्हर १६ केबीचा बफर (येणारे पॅकेट ठेवायची जागा) धरी, त्यावर कर्नलच्या हिशेबाचे थोडे बाइट चढत आणि मागणी १६ केबीच्या किंचित वर गेली की दिला जाई पुढचा आकार, ३२ केबी. आणि कार्डावर येणारे पॅकेट किती मोठे असेल हे आधी कळत नसल्यामुळे काट्यावरून येणाऱ्या वजनाच्या चिमुकल्या पॅकेटासाठीही तोच ३२ केबीचा बफर मांडून ठेवावा लागे. केबिनचा संगणक १५०० वरच होता, पण जोडणीच्या वेळी टीसीपी दोन्ही टोकांचे माप जुळवून घेतो, म्हणून ही विसंगती कधी उघडी पडली नाही. मागणी इंटरप्टच्या आत, म्हणजे कार्डाने सीपीयूला टोकले त्या क्षणीच, होत असल्याने कर्नलला थांबून, इतरांची पाने हलवून जागा करून देण्याचीही सोय नव्हती: मिळाले तर मिळाले, नाहीतर बफर रिकामा आणि पॅकेट बाहेर.

तर्क पडताळण्यासाठी मी आयनोड आणि डेंट्रीचा साठा कर्नलला सोडायला लावला. उजवीकडच्या शून्यांच्या जागी आकडे आले, पिंग गळायचे थांबले आणि रांग हलली. तासाभराने शून्ये परतली आणि लॉगमध्ये स्वॅपरची ओळही परतली. त्यानंतर एक गाडी काट्यावरून उतरून दुसरी चढेपर्यंतच्या वेळात मी सर्व्हरचा एमटीयू १५०० केला, साठवणुकीच्या पेटीवरही तेच केले आणि कर्नलने राखून ठेवायची किमान मेमरी चार एमबीच्या आतून सोळा एमबीवर नेली. नवे ६४ बिटचे यंत्र घ्या, असे मालकांना सांगितले. हंगाम संपल्यावर पाहू, असे उत्तर मिळाले.

एक गोष्ट मात्र अजून जुळत नव्हती. एमटीयू तर दोन वर्षांपूर्वी बदललेला होता, मग त्रास याच हंगामात का? दिवाणजी ठामपणे म्हणाले, “दिवाळीनंतर नवं यूपीएस लागलं ना, तवापासून. एक रोज काढून पाहिलं, तर मशीन मस्त चालली.” यूपीएसच्या विक्रेत्याशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले होते आणि त्याचे निम्मे पैसे अडवून ठेवले होते. मी यंत्राच्या सुरू होण्याच्या नोंदी काढल्या. ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ रोज, कधी दिवसातून दोनदा, यंत्र नव्याने सुरू झालेले. भारनियमन असे किंवा फीडर जाई. यूपीएस बसल्यावर सलग नऊ-दहा दिवसांचे टप्पे दिसू लागले, आणि शेवटचा टप्पा एकोणीस दिवसांचा होता. मेमरीचे तुकडे पडायला जितके दिवस लागतात तितके दिवस हे यंत्र आधी कधी जिवंतच राहिले नव्हते. आणि यूपीएस काढून पाहिले त्या दिवशी ते काढण्यासाठी यंत्र बंद करावे लागले होते.

दिवाणजींनी नोंदींचा तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्यासमोरच विक्रेत्याला फोन लावून उरलेले पैसे घेऊन जायला बोलावले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी घरून त्या सर्व्हरवर लॉगिन करून पाहिले. माझ्या त्या फेरीनंतरचे अठ्ठावीस दिवसही यंत्र बंद न होता चालू होते. बडीइन्फोत ऑर्डर ३ च्या रकान्यात पुन्हा शून्य होते, पण आता ती जागा मागायला कोणी येत नव्हते, आणि लॉगमधली शेवटची स्वॅपरची ओळ जानेवारीतल्या त्या दुपारचीच होती.