आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

२०१५ ला सोलापुरात होटगी रोडला वडिलांच्या रानात पाच गुंठे शेडनेट उभं केलं आणि टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं करायला लागलो. उन्हाळी लागवडीच्या ऑर्डरी जानेवारीतच येतात, म्हणजे ऐन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत बी टाकायचं, आणि मिरचीचं बी थंडीत काही केल्या लवकर उगवत नाही. मग आई म्हणाली बी टाकलेले ट्रे एकावर एक रचून झाकून ठेव, म्हणून आम्ही प्लॅस्टिक टाकलं, वरून घरातल्या जुन्या चादरी, आणि रोज सकाळी कोपरा उचलून बघायचं, कोकोपीटमधनं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातनं, पहिला पांढरा कोंब वाकून वर आला की लगेच ट्रे उतरवायचे, एक दिवस उशीर झाला तरी रोप दोऱ्यासारखं लांबतं. अजूनही असंच करतो.

तिसऱ्या वर्षी मात्र मोठी चूक झाली. शेडच्या बाजूला जुनं वांगं तसंच उभं, दार दिवसभर सताड उघडं, गिऱ्हाईक आत-बाहेर. मोहोळकडच्या एका शेतकऱ्यानं टोमॅटोची रोपं नेली, नेताना हिरवीगार होती, तीन आठवड्यांनी फोन, "भाऊ, शेंडे गोळा झालेत, येऊन बघा." गेलो तर पानं वाटीसारखी वळलेली, कडा पिवळ्या, झाड हलवलं की पांढरी माशी उडायची. ही माशी पसरवते तो व्हायरस आमच्याच शेडमधनं गेला होता, लहान रोपात तो दिसतच नाही. पैसे परत दिले, नवी रोपं पण दिली, पण त्यांचा हंगाम गेलाच ना, ते अजून मनाला लागतं.

त्यानंतर ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) बारीक जाळी लावली, दोन दारं केली, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आसपास वांगं-भेंडी नाही की तण नाही. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांना निळे. आणि सकाळी मी स्वतः पानं उलटून बघतो, माशी पानाखाली बसते, वरवर फवारून काय होणार. इंग्लंडसारख्या थंड मुलखात काचघरातल्या टोमॅटोवर १९२० च्या दशकापासून एन्कार्सिया नावाचा टिपक्याएवढा मित्रकीटक सोडतात, तो माशीच्या पिल्लात अंडं घालतो आणि पिल्लू काळं पडतं, मला हे फार भारी वाटतं. आमचा भर जाळीवर आणि ५ टक्के निंबोळी अर्कावर.

मोहोळचे ते दादा मागच्या जानेवारीत परत आले, मिरचीची ४,००० रोपं सांगितली, आणि ट्रे उचलायच्या आधी एकेक पान उलटून बघत बसले, मी पण शेजारी बसलो.