गाडी रेझ केली की

भर दुपार, सिग्नलचा लाल दिवा, काचा वर. डेकवर संथ आलाप चाललेला आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक शिट्टी. दिवा हिरवा होतो, गाडी रेझ होते आणि शिट्टी गायकाला मागे टाकून तारसप्तकात निघून जाते. गिअर बदलला की खाली येते, पुन्हा चढते.

ही शिट्टी ऑल्टरनेटरची, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राची. तो तीन फेजची एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज बनवतो. सहा डायोड तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज करतात, पण तिच्यावर थोडी लहर उरतेच. बारा पोलचा, म्हणजे बारा चुंबकी ध्रुवांचा ऑल्टरनेटर पुलीमुळे इंजिनाच्या अडीचपट फिरतो असं धरलं, तर ८०० आरपीएमच्या आयडलला ही लहर १२०० हर्ट्झची होते आणि ३००० ला ४५०० ची. कान नेमके इथेच तिखट असतात.

फियाटच्या काळात हे दुखणं वेगळं होतं. मीडियम वेव्हवर ७९२ लावून पुणे केंद्राच्या बातम्या ऐकताना मागे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगची टिकटिक चालायची. शेजारून स्कूटर गेली तर तिचीही टरटर बातम्यांत मिसळायची. मागच्या सीटवरच्या पोरांना ती टिकटिक रेडिओचाच भाग वाटायची. अँटेनाची पिन डेकमधून उपसली आणि आवाज थांबला, की तो हवेतून येतोय हे ठरायचं. मग प्लगला पाच किलोओहमच्या रेझिस्टरवाल्या टोप्या आणि डायनॅमोवर, म्हणजे तेव्हाच्या वीज बनवणाऱ्या यंत्रावर, कंडेन्सर. डिझेलवाल्यांना ही कटकट नव्हती, त्यांच्याकडे ठिणगीच नाही.

आता आवाज वायरीतून येतो. आधी सिगारेट लायटरमधला मोबाइल चार्जर काढावा. फोन ऑक्सच्या केबलने डेकला आणि त्याच वेळी चार्जिंगला असेल तर अर्थचे, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतीचे, दोन रस्ते होतात, आणि बऱ्याच गाड्यांचं प्रकरण इथेच मिटतं. नाही मिटलं तर व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. शिट्टीही गेली तर ती व्हॉल्यूमच्या आधी शिरतेय. तशीच राहिली तर व्हॉल्यूमच्या पुढे. मग अँप, म्हणजे डिकीतला आवाज वाढवणारा डबा, बंद करून डेककडून त्याच्याकडे येणारी आरसीए केबल उपसायची, त्याच्या इनपुटमध्ये शॉर्ट केलेल्या, म्हणजे आतला खिळा बाहेरच्या कडीला जोडलेल्या, पिना घालायच्या आणि अँप पुन्हा चालू करायचा. तरीही वाजतंय म्हणजे अँपची पॉवर किंवा अर्थ. शांत झालं तर केबल किंवा डेक. डेक चालू असताना आरसीएची बाहेरची कडी पॉवरच्या वायरीला टेकली, तर काही डेकमधला अर्थचा सूक्ष्म फ्यूज उडतो आणि शिट्टी किंचाळायला लागते. वायरच्या तुकड्याने ती कडी डेकच्या बॉडीला जोडून पाहावी. आवाज पडला तर रोग सापडला.

या टप्प्यावर दुकानदार आरसीए केबलच्या मध्ये बसणारी आयसोलेटरची डबी पुढे करतो. तिच्यावर आमचा जुना राग आहे. आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात. शिट्टी जाते, पण स्वस्त डबीत बासही हडकतो. त्यापेक्षा डिकीतला कार्पेट उचलावा. अँपची अर्थ वायर बहुधा रंगावरच आवळलेली सापडते. पॉलिशपेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूची कडी, लावून दातेरी वॉशरसह बोल्ट कसायचा, वरून ग्रीस. कोकणात तर ग्रीस हवंच. वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड आणि दीड फुटाच्या आत. मग इंजिन, दिवे, एअरकंडिशनर, गाणं सगळं चालू ठेवून अँपचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांमध्ये मल्टिमीटर लावायचा. डीसीवर ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर पुन्हा घासा. पॉवर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी हे बरोबरच, पण लोक दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दारांखालच्या पट्ट्या, उचकटतात आणि तो एक बोल्ट तसाच ठेवतात.

अर्थ चोख असूनही वाजत असेल तर मीटर एसीवर ठेवून थेट बॅटरीवर लावावा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसलं तर डायोड गेलाय, आणि तो ऑडिओवाल्याचा प्रांत नव्हे.

एवढा पसारा उघडलाच आहे तर बॉनेटखालीही बघा. बॅटरीकडून अँपकडे जाणाऱ्या वायरीवर फ्यूज आहे का? बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, वायरीला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा? आणि केबिनमध्ये शिरताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे धार झाकणारं कडं? ते नसेल तर वायरीचं इन्सुलेशन त्या धारेवर रोज थोडं घासलं जातं, आवाज न करता. तांबं पत्र्याला टेकलं आणि मध्ये फ्यूज नसला तर सगळी बॅटरी त्या एका वायरीतून रिकामी व्हायला धावते. गाडी पेटते. शिट्टी राहू दे, फ्यूज आज लावा.