गिझरच्या लेबलावरचे वॅट आणि प्रत्यक्षातले वॅट

गिझरच्या लेबलावर 2000 वॅट ठळक असतं. शेजारी बारीक अक्षरात 230 व्होल्ट असतं, ते कोणी वाचत नाही. खरं तर ते 2000 वॅट त्या 230 व्होल्टचेच आहेत. दाब (व्होल्टेज) बदलला की वॅट बदलतात. जवळपास कायम राहतो तो आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध), म्हणून हिशेब तिथून सुरू करायचा.

वॅटला व्होल्टने भागलं की करंट: 2000 ÷ 230 = 8.7 अँपिअर. व्होल्टला करंटने भागलं की रेझिस्टन्स: 230 ÷ 8.7 = 26.4 ओहम. जॉर्ज ओहमने 1827 साली मांडलेला नियम तो हाच, दहावीला पाठ केलेला.

आता डिसेंबरातली पुण्यातली सकाळ घ्या. सात वाजता अख्ख्या सोसायटीचे गिझर चालू आणि सॉकेटवर 200 व्होल्ट, असं धरू. करंट 200 ÷ 26.4 = 7.6 अँपिअर, वॅट 200 × 7.6, म्हणजे साधारण 1515. दाब 13 टक्के उतरला, पण वॅट 24 टक्के गेले, कारण दाबाबरोबर करंटही घटतो आणि फटका दोनदा बसतो. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला सुमारे 0.52 युनिट लागतं. ते 2000 वॅटवर 16 मिनिटांत होतं, 1515 वर 21 मिनिटांत. युनिट तेवढेच. ‘दाब कमी म्हणजे बिल कमी’ ही समजूत निदान गिझरपुरती तरी सोडून द्यावी.

रेझिस्टन्स मल्टीमीटरने मोजायचा तर प्लग सॉकेटमधून काढून, गिझरचा खटका चालू ठेवून, प्लगच्या फेज-न्यूट्रल पिनांवर (अर्थची जाड पिन सोडून उरलेल्या दोन). 25 ते 29 ओहम आले तर कॉइल ठीक. मीटर काहीच दाखवत नसेल तर लगेच ‘कॉइल गेली’ म्हणू नका. पाणी गरम असेल तर थर्मोस्टॅटने सर्किट तोडलेलं असतं. पाणी गार होऊ द्या, मग मोजा.

ओहमवरून वॅट काढायची ही पद्धत गिझर, इस्त्री, शेगडी यांच्यापुरतीच. जुन्या 100 वॅटच्या पिवळ्या बल्बची तार गार असताना 40 ओहमच्या आसपास दाखवते. त्यावरून वॅट काढले तर हजाराच्या वर जातात! पेटल्यावर तीच तार 529 ओहमची होते. पंख्याचं तर सोडाच, तिथे वाइंडिंगचे ओहम मोजून वॅट निघत नाहीत.

दाब नेहमी गिझर चालू असतानाच मोजायचा. बंद असताना 228 दिसले याला काही अर्थ नाही. समजा चालू केल्यावर सॉकेटवर 215 आले आणि मेन स्विचपाशी 225. (हे मोजमाप चालू लाइनवरचं आहे, सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या.) म्हणजे घरातल्या घरात 10 व्होल्ट गेले. करंट 215 ÷ 26.4 = 8.14 अँपिअर. अडीच एमएमची तांब्याची वायर किलोमीटरला 7.41 ओहमची असते. मेनपासून बाथरूम 15 मीटर असेल तर जाऊन-येऊन 30 मीटर, म्हणजे 0.22 ओहम. तिने खाल्ले 1.8 व्होल्ट. उरलेले 8.2 कुठे गेले?

बहुधा सॉकेटमागच्या एखाद्या ढिल्या स्क्रूत. 8.2 ÷ 8.14, म्हणजे जेमतेम 1 ओहम. पण 8.2 × 8.14 केलं की 67 वॅट येतात, आणि ते वाटाण्याएवढ्या जागेत. पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते, त्यावरून कल्पना करा. पिनेच्या भोकाभोवती तपकिरी कडं येतं, प्लास्टिक मऊ पडतं, जळका वास येतो. लोक नवा प्लग आणतात, तो महिन्याभरात पुन्हा जळतो, कारण स्क्रू तसाच ढिला असतो. मेन बंद करून सॉकेट उघडायचं, वायरचं काळं पडलेलं टोक कापायचं, नवं सोलून घट्ट आवळायचं. आतली पितळी पट्टी पिवळीची निळी-काळी झाली असेल तर सॉकेटच बदलायचं, घासत बसू नये.

करंट मोजायला क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर) वापरताना अख्खी केबल क्लॅम्पमध्ये धरली तर शून्य दिसतं. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. एकटी फेज वायरच धरावी लागते. आणि मल्टीमीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकात असताना ती टोकं सॉकेटमध्ये घालणं म्हणजे सरळ शॉर्ट. दाब मोजताना आधी पिन कुठे आहे ते बघा, नंतर नॉब.

काहीच उघडायचं नसेल तर विजेच्या मीटरवरचा लाल दिवा पुरतो. मीटरवर 3200 इंपल्स प्रति युनिट छापलं असेल तर एक लुकलुक म्हणजे 1125 ज्यूल. फ्रिजसकट बाकी सगळं बंद ठेवून फक्त गिझर चालू करा आणि 100 लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोजा. 1,12,500 ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट. वरच्या 215-225 व्होल्टच्या उदाहरणात 61 सेकंद लागतील, म्हणजे सुमारे 1840 वॅट. गिझरला मात्र 215 × 8.14, म्हणजे 1750 च पोचतात. मधले 80-90 वॅट वायर आणि तो स्क्रू खातात आणि बिलात लागतात.