लवचीकपणाला ताकदीची जोड

गोव्याच्या दमट हवेत अंग लवकर सैल होतं आणि तिथंच फसगत होते. पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढं वाकताना) कपाळ गुडघ्याला टेकतं खरं, पण मांडीमागचा स्नायू बैठकीच्या हाडाला जोडलेला असतो तिथं दुखू लागतं. ताण भरपूर, ताकद कमी! मग ते आसन काही दिवस बंदच ठेवावं. त्याऐवजी सेतुबंधासन: पाठीवर झोपून टाचा गुडघ्यांखाली, कंबर उचलून ५ श्वास, असं ३ वेळा. पाय न सरकवता टाचा नितंबांकडे ओढाव्या. मांडीची मागची बाजू घट्ट झाली की जमलं. कमरेत कळ आली तर कंबर जास्त उचलली गेलीय.

जिमवाल्यांचं उलट. खांदे भक्कम, पण भजनाला मांडी घालून बसलं की गुडघे वर आणि पाठीला पोक. बुडाखाली चादरीची घडी घ्यावी, गुडघे कमरेच्या खाली येतील इतकी. गुडघे हातानं दाबू नयेत, सांध्याला पीळ बसतो.

साधनेतही हेच: नेम पक्का, रीत लवचीक. वास्कोच्या दामोदर सप्ताहात भजन २४ तास खंडत नाही, पण गाणारे पाळीपाळीनं बदलतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) धांदलीत जपाची एकच माळ करावी, पण रोजच्याच वेळी.