लाखभर वस्तीचं गाव, आठ युरोपियन चषक

बार्सिलोनाच्या नैर्ऋत्येला शंभरेक किलोमीटरवर रेऊस नावाचं गाव आहे. वस्ती लाखाच्या जरा वर. तुलनेसाठी, सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांच्या पुढे गेली होती. या एवढ्याशा गावाने चाकांवरच्या हॉकीत युरोपचा सर्वोच्च क्लब चषक आठ वेळा जिंकला आहे. सांगलीत मुलं संध्याकाळी पायात स्केट चढवून मैदानावर जातात, पण तिथे स्केटिंग म्हणजे शर्यत. चाकांवर हॉकीही खेळतात हे बहुतेक पालकांना ठाऊक नसतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

क्लबचं नाव रेऊस देपोर्तिऊ. स्थापना २३ नोव्हेंबर १९०९. क्लब अनेक खेळांचा आहे आणि सभासदांचा आहे: वर्गणी भरणारे सभासद अध्यक्ष निवडतात. युरोपियन चषक १९६५-६६ च्या हंगामात सुरू झाला. पहिला जिंकला वोल्त्रेगाने. ते तर जेमतेम साडेतीन हजार वस्तीचं गाव, आपल्याकडच्या वाडीएवढं. त्यानंतर १९६७ ते १९७२ अशी सलग सहा वर्षं चषक रेऊसकडे राहिला. मग मात्र ३७ वर्षांचा खंड पडला. सातवा चषक २००९ मध्ये आला आणि आठवा २०१७ मध्ये, पोर्तुगालच्या ओलिव्हेरेन्सेला हरवून. मध्ये २०११ ला बार्सिलोनाची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडून स्पेनची लीगही जिंकली. बार्सिलोनाच्या नावावर २२ युरोपियन चषक आहेत, पण त्यांच्या पाठीशी फुटबॉलचं साम्राज्य उभं आहे. रेऊसचे आठ आम्हाला जास्त मोलाचे वाटतात.

याच क्लबचा फुटबॉल विभाग १९५१ मध्ये वेगळा झाला. २०१६ ला तो स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत पोहोचला, खेळाडूंचे पगार थकले, जानेवारी २०१९ मध्ये त्याला स्पर्धेतून काढलं आणि २०२० मध्ये तो मोडीत निघाला. हॉकी चालूच आहे, कारण तिचा पाया लहान मुलांच्या वर्गांवर आहे. मुलं तीन-चार वर्षांची असताना स्केटवर उभी राहतात आणि स्टिक हातात येते ती त्यानंतर.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रदर्शनीय म्हणून झाला आणि काही सामने रेऊसच्या क्रीडा संकुलात खेळवले गेले. तेव्हाचे ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष सामारांच हे मूळचे या खेळातलेच. सुवर्ण अर्जेंटिनाने नेलं, यजमान स्पेनला रौप्य मिळालं. पुढे ऑलिंपिकचं दार बंदच राहिलं.

आता खेळ. एका बाजूला गोलकीपर धरून पाच जण, बाकावर आणखी पाच, आणि बदली खेळाडू केव्हाही आत-बाहेर. मैदान ४० मीटर लांब, २० मीटर रुंद, म्हणजे हँडबॉलच्या कोर्टाएवढं. भोवती एक मीटर उंचीचं कुंपण आणि त्याच्या तळाशी २० सेंटीमीटरची टणक फळी. चेंडू या फळीवर आपटून खेळायचा असतो, त्यामुळे फळी सैल असली की चेंडू मेल्यासारखा परत येतो आणि खेळच बिघडतो. कोपरे गोल लागतात. काटकोनी कोपऱ्यात चेंडू अडकतो, चार जण तिथे कोंडाळं करतात आणि पहिली दुखापत तिथेच होते. गोल १७० सेंटीमीटर रुंद आणि १०५ सेंटीमीटर उंच, त्यामुळे गोलकीपर जवळजवळ बसूनच खेळतो.

चेंडूचा घेर २३ सेंटीमीटर, वजन १५५ ग्रॅम. क्रिकेटचा लेदर बॉल घ्या, घेर आणि वजन जवळपास तेच. विजय हजारेंच्या जन्मगावाला, म्हणजे सांगलीला, हा चेंडू अंगावर आल्यावर काय होतं ते सांगायला नको. म्हणूनच चेंडू दीड मीटरच्या वर उडवणं नियमबाह्य आहे. स्टिक ९० ते ११५ सेंटीमीटर लांबीची आणि दोन्ही बाजूंनी सपाट. मैदानी हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते, त्यामुळे तो खेळ खेळलेली मुलं इथेही उलट बाजूने मारायच्या वेळी मनगट फिरवत बसतात. ती सवय आधी मोडावी लागते.

प्रौढांचा सामना २५ मिनिटांच्या दोन डावांचा, आणि खेळ थांबला की घड्याळही थांबतं. संघाच्या फाउलची बेरीज चालू असते. दहावा फाउल झाला की समोरच्या संघाला ७.४० मीटरवरून थेट फटका मिळतो, पुढे दर पाच फाउलना पुन्हा. त्या फटक्याला खेळाडू आणि गोलकीपर दोघंच समोरासमोर. त्यामुळे नऊ फाउल झालेला संघ एकदम सभ्य होतो, आणि अनुभवी प्रशिक्षक नेमक्या त्याच वेळी चढाई वाढवतो.

सांगलीत वर्ग चालवणाऱ्यांनी स्केटकडे जास्त लक्ष द्यावं. एका रेषेत चाकं असलेले इनलाइन स्केट इथे चालत नाहीत, त्यांची हॉकी वेगळी आहे आणि ती चकतीने खेळतात. इथे दोन-दोनच्या जोडीत चार चाकं, पुढे रबरी ब्रेक. एका जोडीला आठ चाकं आणि सोळा बेअरिंग. बहुतेक चाकांत ६०८ नंबरची बेअरिंग बसतात, आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२. हीच बेअरिंग साध्या दुकानातही मिळतात. चाकाचा नट आवळताना आधी चाक डुगडुगायचं पूर्ण थांबेपर्यंत आवळा, मग किंचित सैल करा. बोटाने फिरवल्यावर चाक अडखळलं तर नट जास्त घट्ट आहे. घट्ट नटावर खेळत राहिलं की बेअरिंग बाजूने दाबलं जाऊन लवकर खराब होतं आणि मुलाच्या पायात दम नाही असा उगाच समज होतो.

चाकांच्या सांध्यात रबराचे गुटके असतात. त्यांचा बोल्ट सैल असला की वेगात स्केट थरथरतो, फार आवळला की वळणच घेता येत नाही. आठ-नऊ वर्षांच्या हलक्या मुलाला मोठ्यांचे कडक गुटके दिले तर ते अंग झुकवून दमतं, पण स्केट सरळच जातो. नवीन स्केट आणल्यावर हे सैल करून बघितल्याशिवाय मूल वळत नाही असं म्हणू नये. बेअरिंग धुवायचं असेल तर बाजूचं झाकण काढून रॉकेलमध्ये फिरवा, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा. जाड ग्रीस भरलं तर धूळ धरतं.

शिकवण्यातली मोठी अडचण शर्यतीतून येते. ट्रॅकवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात. त्यामुळे तीन वर्षं शर्यत खेळलेलं मूल डावीकडे सुंदर वळतं आणि उजवीकडे वळताना पाय अडखळतो. प्रतिस्पर्ध्याला हे एका मिनिटात कळतं आणि तो चेंडू उजव्या बाजूलाच नेतो. पहिले काही महिने सराव निम्मा उलट दिशेने ठेवावा. त्यासोबत मागे जाणं, आणि दोन्ही पायांनी थांबणं. पुढच्या रबरावर सारखं थांबणारं मूल चेंडूवरून पुढे निघून जातं, कारण त्या थांबण्यात वजन पुढे पडतं. चाकं आडवी घासत थांबणाऱ्याची स्टिक चेंडूवरच राहते. वर्षभर हे केल्याशिवाय सामने लावू नयेत. रेऊसमधले वर्ग बघितले की आपल्या तालमीतल्या बैठका आठवतात, कुस्ती पुढे आणि अंग आधी.

जागा. ४० बाय २० म्हणजे ८०० चौरस मीटर, साधारण ८,६०० चौरस फूट. तेवढं छप्पर नसेल तर शाळेचं २८ बाय १५ मीटरचं बास्केटबॉल कोर्ट लहान मुलांच्या तीन-तीनच्या सामन्यांना पुरतं, खांबांना मात्र गादी बांधा. ट्रिमिक्स काँक्रीट (जास्तीचं पाणी पंपाने ओढून घट्ट केलेलं) चांगलं चालतं, पण कापलेल्या सांध्यांत लवचीक सीलंट भरून पृष्ठभागाशी सपाट घासावा लागतो. उघड्या मैदानात पाणी जायला उतार ठेवतातच. तो आडव्या दिशेने काढावा, एका गोलकडून दुसऱ्या गोलकडे नको, म्हणजे दोन्ही संघांना सारखाच त्रास होतो. फरशी जितकी गुळगुळीत तितकं चाक मऊ घ्यावं. खडबडीत काँक्रीटवर मऊ चाक झिजून जातं.

एक शत्रू मात्र दोन्हीकडे सारखा आहे: फरशीला येणारा ओलावा. रेऊसला हिवाळ्यानंतर समुद्राकडून दमट वारा सुटला की थंड फरशीवर घाम सुटतो आणि सामने थांबवावे लागतात. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या पत्र्याच्या हॉलमध्येही हेच होतं, शिवाय पत्र्याच्या आतल्या बाजूला साठलेले थेंब खाली पडतात. ओलं फडकं मारलं तर आणखी वाईट. कोरड्या फडक्याने पुसलं तरी दहा मिनिटांत पुन्हा ओल येते, कारण फरशी अजून थंडच असते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असेल तर दारं-खिडक्या बंद ठेवा. सराव सकाळी सहाऐवजी दुपारी चारला घ्या, तोवर फरशी तापलेली असते. खेळायच्या आधी चारही कोपऱ्यांत तळहात टेकवून बघा. हात गार आणि ओलसर लागला तर त्या दिवशी स्केट काढून ठेवा आणि भिंतीवर चेंडू मारायचा सराव घ्या.