क्रीम कमी, पास्त्याचं पाणी जास्त: चिकन-पेस्टोच्या नोंदी

ध्येय ठरलेलं आहे. संध्याकाळी कामावरून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात चौघांच्या ताटात क्रीमी चिकन-पेस्टो पास्ता पडावा, आणि त्यात बेझिल (पेस्टो या इटालियन हिरव्या वाटणातलं मुख्य पान) आहे हे खाणाऱ्याला सांगावं लागू नये. पहिली अट सोपी. दुसरी बहुतेक ठिकाणी मोडते. मैद्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये चमचाभर हिरवं कालवलं की झाला कॅफेचा पेस्टो पास्ता! थंडी सुरू झाल्यापासून मी त्या दुसऱ्या अटीच्या मागे लागले आहे. कुठवर आले ते इथे मांडते.

नोव्हेंबर: कुंड्या

सुरुवात बेझिलपासून, कारण बाकीचं सगळं दुकानात मिळतं. पाकिटातलं बेझिल फ्रिजमध्ये बघता बघता काळं पडतं, आणि त्यात विक्रेत्याचा दोष फार नसतो. हे झाड उष्ण प्रदेशातलं आहे. दहा अंशांखालचा गारवा त्याला सोसत नाही, आणि फ्रिज चालतो चार-पाच अंशांवर. त्यामुळे विकतची जुडी कोथिंबिरीसारखी फ्रिजात टाकू नका. देठं पाण्यात बुडवून पेला ओट्यावरच ठेवा, जास्त टिकते.

घरचं अर्थात त्याहून बरं. बियांच्या पाकिटावर ‘जिनोविज’ लिहिलेलं बघून घ्या. आपला सब्जा त्याच जातीतला आहे, फालुद्यात घालतो ते बी त्याचंच. पण आपल्याकडच्या सब्ज्याच्या पानांना बहुतेकदा बडीशेपेकडे झुकणारा वास असतो. तो येतो मिथाइल चॅव्हिकॉल या घटकामुळे, आणि पेस्टोत तो सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. तुळस तर वेगळीच जात, चवीला तिखट. शिवाय वृंदावनातली पानं खुडून वाटण करायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

शेंडा खुडताना पानांच्या जोडीच्या जरा वर खुडायचा. मग बगलेतून दोन फुटवे येतात आणि झाड उंच होण्याऐवजी डेरेदार होतं. मंजिरी दिसली की लगेच काढायची, कारण झाड फुलावर गेलं की पानं राठ होतात. जेनोवा शहराच्या पश्चिमेला प्रा नावाचा भाग आहे. तिथल्या काचघरांतलं बेझिल इटलीत नावाजलेलं, आणि 2005 पासून जेनोवाच्या बेझिलला युरोपीय संघाचं डीओपी, म्हणजे मूळ प्रदेशाच्या नावाचं, संरक्षणही आहे. तिथे झाड मोठं होऊच देत नाहीत. कोवळी रोपं मुळांसकट उपटून त्यांच्या जुड्या बांधतात. खिडकीच्या ग्रिलमध्ये शेती करणाऱ्याला ही चैन परवडायची नाही. मी मोठी पानं ऑम्लेट-सँडविचसाठी ठेवते आणि शेंड्याची कोवळी तेवढी पेस्टोत घालते. फरक जिभेला कळतो.

जानेवारी: वाटण

जेनोवाच्या रीतसर पेस्टोत सात जिन्नस: बेझिल, पार्मिजानो आणि पेकोरिनो ही दोन चीज, लसूण, पाइन नट, जाडं मीठ आणि ऑलिव्ह तेल. तो संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने वाटतात. 2007 पासून जेनोवात खलातल्या पेस्टोचं जागतिक अजिंक्यपदही भरतं. रविवारी सकाळी मीही दगडी खल काढते. मंगळवारी रात्री चटणीचं भांडं निघतं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

मात्र मिक्सरला सांभाळून घ्यावं लागतं. पात्याच्या उष्णतेने पानं तापतात, चिरडलेल्या पानांतलं विकर हवेशी जुळतं आणि रंग शेवाळी होतो. म्हणून भांडं पात्यासकट पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायचं. आधी काजू, लसूण आणि मीठ भरड करून घ्यायचं. मग पानं आणि थोडं तेल घालून थांबत थांबत, झटके देत फिरवायचं. उरलेलं तेल आणि किसलेलं चीज चमच्याने कालवायचं. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल जोरात फिरवलं की त्याचा कडवटपणा उफाळतो, हे ज्यांनी मिक्सरमध्ये घरचं मेयोनीज केलंय त्यांना ठाऊक असेल.

चौघांसाठी माझं प्रमाण सध्या असं आहे: 50 ग्रॅम पानं, 25 ग्रॅम काजू, 40 ग्रॅम चीज, 60 मिली तेल, लसणाची एक छोटी पाकळी. हो, एकच. गावठी लसूण असेल तर अर्धी. कच्चा लसूण ताटात येईपर्यंत चढतच जातो.

पाइन नट म्हणजे आपल्याकडे चिलगोजा. तो हिमाचलातल्या किन्नौरकडून येतो, आणि त्याचा भाव बघितला की आपला कोकणातला काजू एकदम जवळचा वाटायला लागतो. बाटलीतल्या पेस्टोच्या लेबलावरही पुष्कळदा काजूच असतो, तेव्हा संकोच नको. काजू भाजू नका. भाजला की वाटण मिठाईकडे जातं.

शाकाहारी माणसांसाठी करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. खऱ्या पार्मिजानोत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारं विकर) असतं, ते नियमानेच असतं. आमच्या सासूबाई चिकनच्या वाटेला जात नाहीत, पेस्टो मात्र आवडीने खातात. त्यामुळे घरात हिरव्या ठिपक्याचं, सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं पार्मेझान येतं. खारटपणा जरा वेगळा आहे, बाकी काम होतं.

मार्च: चिकन

आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार सामिष नाही. म्हणजे प्रयोगाला आठवड्याचे मोजकेच दिवस, आणि रविवारी रस्सा सोडून पास्ता कर म्हणणारा कुणी नाही. बुधवार आणि शुक्रवारवर भागवते.

बोनलेस मांडीचं मांस रसदार राहतं, पण घाईच्या रात्री मी छातीचाच तुकडा घेते. 400 ग्रॅम पुरतं. दुकानदाराकडूनच तुकडे आडवे चिरून दीड सेंटिमीटर जाडीचे करून आणायचे. घरी आल्या आल्या मीठ-मिरी लावून ठेवायचं आणि परतण्याआधी कागदाने कोरडे टिपायचे. दही, आलं-लसूण काही नको. ओलं चिकन भाजलं जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतं, आणि मग खमंग रंगासाठी कितीही थांबलं तरी फक्त चिवटपणा वाढतो.

स्टीलची जाड बुडाची कढई नाहीतर बिडाचा तवा चांगला तापवायचा. नॉनस्टिकमध्ये मला हवी ती खरवड धरत नाही. तुकडे टाकल्यावर तीन-चार मिनिटं हलवायचे नाहीत. सुटे झाले की उलटायचे आणि तितकाच वेळ दुसरी बाजू. मी पाककृतीचा थर्मामीटर वापरते, मध्यभागी 74 अंश आले की बाहेर. पाच मिनिटं थाळीत विसावू द्यायचं आणि मगच पट्ट्या कापायच्या. थाळीत जमलेला रस फेकणाऱ्याला माझ्या स्वयंपाकघरात प्रवेश नाही, तो सॉसमध्येच जातो.

मे: सॉस

ज्यासाठी या नोंदी लिहायला घेतल्या तो भाग हा.

चिकन आणि क्रीम घातलेला पेस्टो पास्ता ही जेनोवाची रीत नाही. तिथे त्रोफिए किंवा त्रेनेत्ते पास्ता असतो, बरोबर बटाट्याचे तुकडे आणि फरसबी, तिन्ही एकाच पातेल्यात शिजवलेलं. आपला हा पदार्थ अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या घाईच्या स्वयंपाकघरांत वाढलेला आहे. त्यात वाईट काहीच नाही. पण जेनोवावाले एक गोष्ट कटाक्षाने पाळतात आणि क्रीमवाले विसरतात: पेस्टो शिजवायचा नसतो. तो पास्त्याच्या गरम पाण्याने सैल करतात आणि पास्ता त्यात घोळवतात. पेस्टोला तेवढाच ताव पुरतो.

पाककृतींत बहुतेकदा उलटं सांगितलेलं असतं, की क्रीम उकळा, पेस्टो घाला, आणखी दोन मिनिटं शिजू द्या. त्या दोन मिनिटांत बेझिलचा वरचा, नाकाला लागणारा वास उडून जातो आणि मागे लसूण-चीज उरतं. आच आणि आंबटपणा एकत्र आले की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि हिरवा रंग मेंदीसारखा मातकट होतो. म्हणून लिंबाचा रसही कढईत नको. फारच वाटलं तर सालीचा हलका कीस वाढताना घाला.

मग क्रीम कशाला? मला विचाराल तर गोलाईसाठी, आणि तेही थोडं. पूर्वी 200 मिलीचं अख्खं पाकीट जायचं. ते 150 वर आलं, मग 100 वर, आणि आता 80 मिलीवर स्थिरावलं आहे. त्याखाली गेलं की घरचे ‘क्रीमी कुठंय?’ विचारतात, वर गेलं की बेझिल झोपतं. क्रीमची जागा घेतली पास्त्याच्या पाण्याने. त्यातला स्टार्च तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवतो, त्यामुळे सॉस दाट होतो पण जड होत नाही. हे पाणी जितकं गढूळ तितकं चांगलं. म्हणून 320 ग्रॅम पास्त्याला नेहमीचं सव्वातीन लिटर न घेता मी दोन-सव्वादोन लिटरच घेते आणि सुरुवातीला दोनदा ढवळते. मीठ लिटरला दहा ग्रॅम असं सांगतात. चीज आणि पेस्टो खारट असल्याने मी आठवर थांबते.

पास्ता घेताना पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ बघावं. मैद्याचा पास्ता पाणी गढूळ करतो खरा, पण स्वतःही गळतो. आकार फ्युसिली, कारण पेस्टो त्याच्या मळसूत्रांत अडकतो. पेनेच्या नळ्यांवरून घसरतो.

आता घड्याळ. घरात शिरल्यावर चप्पल काढायच्या आधी पातेलं गॅसवर आणि मिक्सरचं भांडं फ्रीझरमध्ये (चप्पलबद्दल सासूबाईंचं मत वेगळं आहे). पाणी तापेपर्यंत चिकनला मीठ-मिरी आणि चीज किसून घ्यायचं. उकळी आली की पास्ता टाकायचा आणि दुसऱ्या शेगडीवर कढई तापवायची. चिकन भाजलं जातं तोवर पेस्टो फिरवून होतो. चिकन थाळीत गेलं की त्याच कढईत ओगराळंभर पास्त्याचं पाणी ओतून तळाची खरवड लाकडी उलथन्याने सोडवायची. आच मंद करून क्रीम घालायचं. आपल्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये 25 टक्के स्निग्धांश असतो, ते खळखळ उकळलं तर फुटतं, म्हणून कडेला बुडबुडे दिसले की पुरे. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी पास्ता थेट झाऱ्याने उचलून कढईत घालायचा, सोबत आणखी अर्धी वाटी पाणी आणि थाळीतला तो रस. दोन मिनिटं ढवळत राहायचं.

आणि मग गॅस बंद. खरोखर बंद, मंद नव्हे. मिनिटभर थांबायचं आणि मग पेस्टो घालून कढई हलवत घोळवायचं. ताव उतरल्यामुळे चीजच्या गाठीही होत नाहीत. या क्षणी सॉस वाजवीपेक्षा पातळ दिसतो आणि हात मैद्याकडे जातो. जाऊ देऊ नका. टेबलापर्यंत पोचेतो तो आपोआप दाटतो. ताट तिरकं केल्यावर हळूच ओघळला पाहिजे इतपत ठेवायचा. चिकनच्या पट्ट्या वरून, वर थोडी मिरी.

पाणी तापायला धरून सगळं पस्तीस मिनिटांत होतं. रविवारचा पेस्टो तयार असेल तर पंचवीस.

जुलै: पाऊस

दमट हवेत पानांच्या पाठीवर करडी बुरशी धरते आणि वरून पिवळे डाग दिसतात. त्यामुळे जूनच्या पहिल्या जोरदार सरींआधीच मी झाडं बऱ्यापैकी छाटून घेतली. साठवणीच्या पेस्टोसाठी पानं दहा सेकंद उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकते. यानं विकर मरतं, रंग टिकतो, ताजेपणा थोडा जातो. त्याच रात्री खायचा असेल तर हा खटाटोप करू नये असं माझं मत आहे. चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि चीज वापरताना घालायचं. लसूण घातलेलं तेलातलं वाटण बाहेर ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला तेच हवं असतं. फ्रिजमध्येही दोन-चार दिवसच.

श्रावणात चिकन बंद, त्याच्या जागी मशरूम येतील. ती कोरडी, मोठ्या आचेवर परतायची, मीठ शेवटी. सासूबाईंच्या वाटणीत लसूणही नसेल. त्याला इटलीतही हरकत नाही, बिनलसणाचा पेस्टो तिथे बाटल्यांतून विकला जातो.

सध्या चालू आहे चक्क्याचा प्रयोग. जेनोवात प्रेशिन्सोआ नावाचं आंबूस, दह्या-पनीरच्या मधलं काहीतरी मिळतं, आणि तिथल्या काही घरांत ते पेस्टोत चमचाभर घालतात. त्याच्या जवळ जाणारं आपल्याकडे चक्काच. सगळं क्रीम काढून चक्का घातला तर सॉस रवाळ होतो, गॅस बंद असला तरी. 40 मिली क्रीम आणि दोन चमचे चक्का पेस्टोत आधीच कालवून घेतला तर मात्र छान जमतं. किंचित आंबटपणा येतो, लिंबाची आठवण होत नाही, आणि चव बरीच हलकी वाटते. ताजा, न आंबलेला चक्का घ्या. श्रीखंडासाठी दोन दिवस टांगलेला नको.

यापुढे पास्ताच घरी करायचा आहे. आपला बन्सी गहू ड्युरमच, त्यामुळे बन्सी रव्याचा त्रोफिए वळता यायला हवा. रव्याच्या निम्म्या वजनाचं पाणी, ही नेहमीची सुरुवात. पण आपला रवा जाडा असतो आणि पाणी सावकाश पितो. कुणी तो मिक्सरमधून बारीक करून मळला असेल तर पाणी किती लागलं आणि गोळा किती वेळ झाकून ठेवला, ते नक्की कळवा.